गोल्फचा पहिला सेट: नवा, जुना की मोजके सुटे क्लब?

"दाजी, चौदा काठ्या घ्यायच्या म्हणल्यावर पन्नास हजार कुठंच जात नाहीत. का जुन्यावर भागतंय?"

लातूरहून मेव्हण्याचा फोन होता. त्याचं ठिबकचं दुकान आहे. मालासाठी महिन्यातून एक-दोनदा पुण्याला जावं लागतं. तिथं एका व्यापारी मित्रानं त्याला ड्रायव्हिंग रेंजवर, म्हणजे गोल्फचे फटके मारायच्या सरावाच्या मैदानावर नेलं. पन्नासेक चेंडूंतले पंचेचाळीस जमिनीवरून घरंगळले, पण एक असा सणसणीत उडाला की तो आवाज त्याच्या कानातून जाईना. हे वेड मला ठाऊक आहे. मी संभाजीनगरला राहतो, वाळूजच्या एका कारखान्यात नोकरी करतो आणि गेली सहा वर्षं गोल्फ खेळतो. सुरुवातीला मी नवा कोरा सेट घेतला होता. पुढे कंपनीतल्या तिघांना जुने सेट निवडायला मदत केली. घरी बायको फक्त चार सुट्या क्लबवर, म्हणजे गोल्फच्या काठ्यांवर शिकली. तिन्ही वाटा जवळून पाहिल्यात, म्हणून मेव्हण्याला फोनवर जे सांगितलं तेच इथं सविस्तर लिहितो. मराठवाड्यात बसून हा खेळ सुरू करू पाहणाऱ्याला पुण्या-मुंबईच्या माणसाचा सल्ला जसाच्या तसा लागू पडत नाही.

त्याचं कारण अंतर. येरवड्याचं पूना गोल्फ क्लबचं मैदान किंवा बावधनकडचं ऑक्सफर्ड गोल्फ रिसॉर्ट संभाजीनगरहून सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर पडतं, लातूरहून सव्वातीनशेच्या पुढे आणि नांदेडकरांना त्याहून लांब. लष्कराच्या छावण्यांत बऱ्याच ठिकाणी गोल्फची मैदानं असतात. घरात कुणी फौजी असेल तर तिथं चौकशी जरूर करावी, पण सगळ्यांना ती वाट खुली नसते. म्हणजे आपला माणूस महिन्यातून एकदा, फार तर दोनदा खऱ्या मैदानावर जाणार आणि बाकी दिवस गच्चीवर, अंगणात नाहीतर शेताच्या बांधावर सराव करणार. ज्या जमिनीवर तुम्ही महिन्यातले अठ्ठावीस दिवस चेंडू मारणार आहात, तिच्यासाठी क्लब घ्या. पुढची सगळी तुलना मी याच एका गोष्टीवर तोलली आहे.

आधी चौदाचा गैरसमज

नियम सांगतो की एका फेरीत पिशवीत जास्तीत जास्त चौदा क्लब ठेवता येतात. ही वरची मर्यादा आहे. सात नेले तरी चालतात, चार नेले तरी कुणी अडवत नाही.

एवढे क्लब लागतात कशाला, ते आधी समजून घेऊ. प्रत्येक क्लबचा फेस, म्हणजे चेंडूला लागणारा पृष्ठभाग, वेगवेगळ्या कोनात मागे कललेला असतो, त्याला लॉफ्ट म्हणतात. ड्रायव्हरचा, म्हणजे सर्वांत लांब मारायच्या क्लबचा, लॉफ्ट दहा-बारा अंश, आजकालच्या सेव्हन आयर्नचा (आयर्न म्हणजे मधल्या अंतराचे नंबरवार क्लब) तिशीच्या थोडा वर, जवळच्या उंच फटक्यांच्या पिचिंग वेजचा त्रेचाळीस ते सेहेचाळीस, वाळूतून चेंडू काढायच्या सँड वेजचा चौपन्न-छप्पन्न. कोन जितका जास्त तितका चेंडू उंच जातो आणि जवळ पडतो. शेजारशेजारच्या दोन आयर्नमध्ये चारेक अंशांचा आणि दांड्याच्या लांबीत अर्ध्या इंचाचा फरक असतो. चांगल्या खेळाडूच्या हातात त्यातून दहाएक मीटरचं अंतर पडतं. नवशिक्याचे मात्र एकाच सेव्हन आयर्नचे दहा फटके मोजा. एक शंभर मीटर, एक सत्तर, दोन जमिनीलगत, एक बाजूच्या झाडीत. स्वतःच्याच फटक्यांत तीस-चाळीस मीटरची तफावत असताना सेव्हन आणि एट यांतला दहा मीटरचा फरक हाताला कळणार तरी कसा? हा फरक कळायला लागेपर्यंत वर्ष-दीड वर्ष जातं. तोवर पिशवीतले निम्मे क्लब नुसते ओझं म्हणून फिरतात.

तीन वाटा, शेजारी शेजारी

पहिली वाट नव्या बॉक्स सेटची. विल्सन, कॅलवेचा स्ट्राटा, डिकॅथलॉनचा इनेसिस असे सेट खास नवशिक्यांसाठीच निघतात. मी पाहिलेल्या किमती साधारण 30,000 ते 60,000 रुपयांच्या घरात होत्या. इनेसिसचा अर्धा सेट, म्हणजे मोजक्या क्लबांचा, त्याहून खाली मिळू शकतो.

दुसरी वाट नावाजलेल्या कंपनीच्या जुन्या सेटची. दहा-पंधरा वर्षांपूर्वीचा पण नीट वापरलेला सेट पिशवीसकट 12,000 ते 25,000 रुपयांत मिळून जातो.

तिसरी वाट सुट्या क्लबची. एक हायब्रिड (लांब पल्ल्याच्या आयर्नच्या जागी आलेला), एक सेव्हन आयर्न, एक वेज, एक पटर (भोकाजवळ चेंडू घरंगळवायचा). जुने घेतले तर 6,000 ते 10,000 रुपयांत चारही येतात. पिशवी एखाद्या ओळखीच्याकडून मिळते, नाही मिळाली तरी चार काठ्या हातात धरून माणूस खेळू शकतो.

आता बॉक्सवरच्या आकड्याकडे नीट बघा, कारण नवखा माणूस इथंच चुकतो. स्ट्राटाच्या एका लोकप्रिय सेटवर "बारा नग" लिहिलेलं असतं. त्यात क्लब नऊच असतात: ड्रायव्हर, थ्री वुड (ड्रायव्हरखालोखाल लांब मारणारा), फाइव्ह हायब्रिड, सहा ते नऊ आयर्न, पिचिंग वेज आणि पटर. उरलेले तीन नग म्हणजे एक पिशवी आणि क्लबच्या डोक्यांवर घालायच्या दोन टोप्या. सँड वेज त्यात नाहीच. यात कंपनीनं लपवलेलं काही नाही, यादी छापलेलीच असते, पण घेणारा मोठा आकडा वाचतो आणि यादी वाचत नाही. म्हणून दोन सेटची तुलना करताना टोप्या आणि पिशवी वजा करा, उरलेल्या क्लबांनी किमतीला भागा आणि त्यातला प्रत्येक क्लब पहिल्या वर्षात किती वेळा बाहेर निघेल हे स्वतःला विचारा.

मी माझ्याच नव्या सेटचा हा हिशेब उशिरा केला. पहिल्या वर्षात ड्रायव्हर मोजून सहा-सात वेळा निघाला, थ्री वुड दोनदा. सगळा घाम सेव्हन आयर्न, नाइन आयर्न, वेज आणि पटरवर गाळला. ज्या वस्तूसाठी सर्वांत जास्त पैसे मोजले ती सर्वांत कमी वापरली. दोन वर्षांनी सेट विकला तेव्हा निम्मी किंमतसुद्धा आली नाही. कंपनीतल्या एका मित्रानं जुना सेट घेतला होता. त्यानं वर्षभर खेळून तो विकला आणि त्याचे जवळपास सगळे पैसे परत आले. नव्याची मोठी घसरण पहिल्याच मालकाच्या वाट्याला येते. जुन्याची ती आधीच होऊन गेलेली असते.

तरीही नव्या सेटची बाजू कमकुवत नाही. त्यातले क्लब आजच्या समजुतीनुसार घडवलेले असतात: आयर्नचा मागचा भाग पोकळ, वजन कडेला पसरलेलं, तळ रुंद. कडेला वजन ठेवण्याची ही कल्पना पिंग कंपनीच्या कार्स्टन सोल्हाइम यांनी रुजवली. त्यांचा पहिला पटर 1959 सालचा. पुढे त्याच विचारातून आलेल्या त्यांच्या आयर्ननी हौशी खेळाडूंचं जगणं सोपं केलं. चेंडू फेसच्या मधोमध न लागता थोडा कडेला लागला तर जुन्या सपाट पाठीच्या ब्लेडचं डोकं हातात फिरतं आणि फटका मरतो. पोकळ पाठीचं डोकं कमी फिरतं, चेंडू थोडा कमी का होईना पण सरळ जातो. नव्या सेटमध्ये असे आयर्न हमखास मिळतात. जुन्यात ते निवडून घ्यावे लागतात. बिल असतं, वॉरंटी असते, दांडे एकाच मापाचे असतात आणि पारख असलेला माणूस सोबत न्यावा लागत नाही. ज्याला वेळ नाही, ओळख नाही आणि पैशाची ओढाताणही नाही, त्यानं नवा अर्धा सेट बेलाशक घ्यावा. पूर्ण नव्हे, अर्धा.

मापाचं काय

बाजारातला पुरुषांचा नेहमीचा सेट साडेपाच-पावणेसहा फुटांच्या माणसाला चालून जातो. नुसती उंची मात्र धरू नका. पायात बूट घालून सरळ उभं राहा, हात मोकळे सोडा आणि मनगटाच्या घडीपासून जमिनीपर्यंतचं अंतर घरच्या कुणाला टेपनं मोजायला सांगा. ते साधारण 34 ते 36 इंचांत आलं तर नेहमीची लांबी बरोबर. खूप कमी-जास्त आलं तर दुकानदाराला आधी सांगा.

दांड्यावर आर, एस, ए, एल अशी अक्षरं असतात. ती दांडा किती लवचीक आहे हे सांगतात. तरुण, अंगानं ठीकठाक माणसाला आर पुरतो. साठीच्या आसपास ए. "मी क्रिकेट खेळलोय, मला कडक पाहिजे," असं म्हणून एस घेणारे मी पाहिलेत, वर्षभर त्यांचा चेंडू उजवीकडे वळतच राहिला.

दांडा स्टीलचा की ग्राफाइटचा? स्टीलचा जड, साधारण शंभर ग्रॅमच्या आसपास किंवा पुढे, स्वस्त आणि दणकट. ग्राफाइटचा पन्नास-सत्तर ग्रॅमचा, महाग, हाताला मऊ. सराव टणक चटईवर होणार असेल तर स्टीलचा झटका कोपरात जातो. पन्नाशी ओलांडलेल्यानं किंवा कोपर-मनगट आधीच कुरकुरत असलेल्यानं ग्राफाइटसाठी थोडे पैसे वाढवून द्यावेत. बाकीच्यांनी स्टील घ्यावं.

डावखुऱ्यांना जुन्या बाजारात फार कमी मिळतं, त्यांनी सरळ नवा अर्धा सेट बघावा. बायकांचे क्लब साधारण इंचभर आखूड आणि हलके असतात. नवऱ्याचे जुने क्लब बायकोच्या गळ्यात मारू नयेत. पोरांसाठी मोठ्यांचा क्लब कापून देतात तेही चुकीचंच. दांडा आखूड होतो पण डोक्याचं वजन तेवढंच राहतं, मग पोरगं क्लब फिरवत नाही, क्लबच पोराला फिरवतो.

जुना घ्यायचा तर तपासून घ्या

जुने क्लब मिळतात कुठं? पुण्या-मुंबईत गोल्फच्या दुकानांत, मैदानांवरच्या प्रशिक्षकांकडे आणि कॅडींच्या (खेळाडूंच्या पिशव्या वाहणाऱ्यांच्या) ओळखीतून. ऑनलाइन तर आहेतच. आपल्याकडचा एक चांगला मार्ग म्हणजे वाळूज-शेंद्र्याच्या कारखान्यांतले बाहेरून आलेले अधिकारी. बदली झाली की घरातलं सामान काढतात, त्यात गोल्फची पिशवी असते आणि ती विमानानं नेण्यापेक्षा विकणं त्यांना सोयीचं पडतं. माझ्या दोन मित्रांचे सेट असेच आले. वस्तू हातात घेऊन बघता येते, हा त्यातला खरा फायदा.

बघताना मुठीपासून सुरुवात करा. रबराची पकड कडक, चकचकीत झाली असेल तर ती बदलावी लागेल. एकेक पकड काही शेकड्यांत येते, पण दहा क्लबांची बदलायची म्हटलं तर तो खर्च सेटच्या किमतीत धरूनच भाव ठरवा. आपल्याकडच्या उन्हाचा इथं थेट संबंध आहे. एप्रिल-मेमध्ये पारा बेचाळीसच्या पुढे जातो तेव्हा बंद गाडीच्या डिकीत भट्टी होते. त्यात पिशवी पडून राहिली की रबर सुकतं आणि डोकं दांड्याला चिकटवणारं इपॉक्सीही सैल पडू शकतं. म्हणून प्रत्येक क्लबचं डोकं एका हातात आणि दांडा दुसऱ्या हातात घट्ट धरून पिळून बघा. जराही हललं किंवा करकरलं तर तो क्लब बाजूला ठेवा. घेतल्यावर तुम्हीही पिशवी गाडीत ठेवू नका, घरात कपाटामागं उभी करा.

स्टीलच्या दांड्यावर गंज बघा, विशेषतः डोक्याजवळच्या काळ्या कड्याच्या वर. मुंबईच्या दमट हवेतल्या क्लबवर तो जास्त आढळतो. वरवरचा गंज पुसून जातो, खड्डे पडले असतील तर दांडा तिथून मोडण्याची भीती. ग्राफाइटच्या दांड्यासाठी एक सोपी युक्ती आहे आणि ती आपल्या मुलखात कुणालाही जमेल. कापसाचा बोळा घ्या, दांड्यावरून वरून खाली फिरवा. जिथं तंतू अडकला तिथं चीर असू शकते. डोळ्याला न दिसणारी चीर कापूस दाखवतो.

सगळे आयर्न एका ओळीत भिंतीला टेकवून उभे करा. अर्ध्या अर्ध्या इंचाची पायरी नीट उतरत गेली पाहिजे. मधेच एखादा उंच-ठेंगणा दिसला तर दोन सेट मिसळलेत किंवा एखादा दांडा बदललाय. फेसवरच्या खाचांत नख घाला. नख अडकलं तर खाचा जिवंत आहेत. आयर्नची पाठ पोकळ आहे ना आणि तळ रुंद आहे ना, हे पाहा. पातळ, सुंदर, आरशासारखा चमकणारा ब्लेडचा सेट कुणी फार स्वस्तात देत असेल तर मोहात पडू नका. तो कसलेल्या हातासाठी असतो. तसेच थ्री आयर्न, फोर आयर्न असलेले जुने सेट. त्या लांब पल्ल्याच्या आयर्ननी चेंडू उचलणं भल्याभल्यांना जड जातं, म्हणून तर त्यांच्या जागी हायब्रिड आला.

आता नकली मालाबद्दल. नव्या महागड्या ड्रायव्हरच्या हुबेहूब नकला ऑनलाइन फिरतात. पाचपट स्वस्त, तेच रंग, तेच नाव. टायटॅनियमला लोहचुंबक चिकटत नाही. टायटॅनियमचा म्हणून विकलेल्या ड्रायव्हरच्या फेसला चुंबक चिकटलं तर सरळ परत करा. नाही चिकटलं म्हणून मात्र खात्री पटत नाही, कारण ॲल्युमिनियमलाही ते चिकटत नाही. दांडा जिथं डोक्यात शिरतो तिथला क्रमांक, रंगकामाची सफाई, विकणाऱ्याकडं मूळ बिल आहे का, हे पाहावं लागतं. आमच्या ओळखीतल्या एकानं अशी वस्तू घेतली, चौथ्या की पाचव्या फटक्याला डोकं दांड्यापासून सुटून वीस फूट लांब गेलं. समोर कुणी नव्हतं म्हणून निभावलं. पैशापेक्षा हा धोका मोठा आहे आणि या बाबतीत मी कुणाचीही भीड ठेवत नाही. अनोळखी ऑनलाइन विक्रेत्याकडून फक्त फोटो बघून जुना ड्रायव्हर घेऊ नका.

सुटे चार: कुठले आणि का

माझा कौल या वाटेला आहे, म्हणून जरा सविस्तर.

सेव्हन आयर्न हा शिकण्याचा क्लब. लांबी बेताची, लॉफ्ट मधला. फटक्याची लय याच्यावर बसते. पहिले तीन महिने हा एकटा पुरतो आणि प्रशिक्षकही बहुतेक याच्यावरच सुरुवात करतात.

हायब्रिड घ्यावा चार किंवा पाच नंबरचा, बावीस ते सव्वीस अंशांचा. मैदानावर पहिल्या फटक्यालाही तोच वापरा. ड्रायव्हर नाही म्हणून काही अडत नाही. लॉफ्ट जितका कमी तितकी फटक्यातली तिरकी फिरकी जास्त उमटते, म्हणून ड्रायव्हरचा चेंडू केळीसारखा वळून झाडीत जातो आणि हायब्रिडचा तेवढा वळत नाही. पन्नास मीटर कमी गेला तरी सापडतो. चेंडूला पैसे पडतात, हेही लक्षात असू द्या.

वेज घेताना मराठवाड्याच्या माणसानं एक आकडा बघावाच. वेजच्या तळाला फुगवटा असतो, त्याला बाऊन्स म्हणतात आणि तो अंशांत मोजतात. मऊ वाळूत आणि लुसलुशीत गवतात बारा-चौदा अंशांचा बाऊन्स चांगला, क्लब रुतत नाही. आपली उन्हाळ्यातली जमीन आठवा. काळी माती भेगाळून दगड झालेली, नाहीतर पायाखाली मुरूम. तिथं मोठ्या बाऊन्सचा वेज आपटून वर उसळतो, धार चेंडूच्या पोटात लागते आणि चेंडू उंच जायच्या ऐवजी गोळीसारखा जमिनीलगत पळतो. नवशिक्याला वाटतं आपलंच चुकलं. इथं सहा-आठ अंशांचा वेज बरा, किंवा सुरुवातीला पिचिंग वेजवर भागवावं. हा फरक मला दोन वर्षांनी उमगला. पुण्याच्या हिरवळीवर जो वेज सुंदर चालायचा तो घराजवळच्या मोकळ्या रानात ऐकायचाच नाही.

चौथा पटर, आणि याच्यावर पैसे वाचवा पण वेळ वाचवू नका. बहात्तर पारच्या मैदानात, म्हणजे जिथं फेरी बहात्तर फटक्यांत संपणं अपेक्षित असतं तिथं, अठरा भोकांवर प्रत्येकी दोन पट (पटरचे फटके) गृहीत धरलेले असतात. म्हणजे छत्तीस फटके, निम्मा खेळ. 7 ऑगस्ट 2021 आठवा. त्या संध्याकाळी नीरज चोप्रानं भाला फेकून सोनं आणलं म्हणून तो दिवस सगळ्यांच्या लक्षात आहे. त्याच दिवशी सकाळी आपली गोल्फपटू आदिती अशोक टोकियो ऑलिंपिकच्या मैदानावर शेवटच्या भोकापर्यंत पदकाच्या शर्यतीत होती आणि एका फटक्यानं हुकून चौथी आली. लांब मारण्यात समोरच्या खेळाडू तिच्या पुढे होत्या, ती पटिंगवर टिकून राहिली. मी त्या सकाळी टीव्हीसमोरून उठलो नव्हतो. दुसऱ्या दिवसापासून रोज पंधरा मिनिटं पटर हातात घेतो.

त्याला मैदान लागत नाही. गोल्फचं भोक सव्वाचार इंचांचं, म्हणजे 108 मिलिमीटर. घरातला पाणी प्यायचा पेला फरशीवर आडवा ठेवा, त्याचं तोंड भोकापेक्षा लहान असतं. पेल्यात चेंडू जायला लागला की मैदानावरचं भोक मोठं वाटतं. जुना, साधा, डोळ्याला सरळ वाटणारा पटर हजार-दीड हजारात मिळतो आणि आयुष्यभर टिकतो. नव्यात आणि जुन्यात सर्वांत कमी फरक पटरमध्येच असतो.

वाचलेले पैसे कुठं लावायचे

नवा सेट आणि सुटे चार क्लब यांतला फरक वीस ते पन्नास हजारांचा. त्यातून आधी प्रशिक्षकाचे पाच-सहा धडे घ्या. चुकीची पकड एकदा हातात बसली की ती सोडवायला दुप्पट काळ लागतो. मग मैदानावर जायचा खर्च, प्रवास, एक हातमोजा. उजवं खेळणाऱ्यानं तो डाव्या हातात घालायचा असतो, म्हणून एकच मिळतो, दुकानदारानं फसवलं असं समजू नका. खास बूट पहिल्या वर्षी नकोत, पकड असलेले साधे खेळाचे बूट चालतात. कॉलरचा टी-शर्ट मात्र लागतो. प्रवेशाचे नियम मैदानागणिक वेगळे, तेव्हा निघण्याआधी फोन करून विचारा.

जाळी घेणार असाल तर एक सांगतो. गावात क्रिकेटची जाळी असतेच, म्हणून पोरं तीच बांधून गोल्फचा चेंडू मारतात. क्रिकेटच्या जाळीचा डोळा साधारण पावणेदोन-दोन इंचांचा असतो आणि गोल्फचा चेंडू 42.67 मिलिमीटरचा, म्हणजे पावणेदोन इंचांपेक्षा किंचित लहान. तो जाळीतून आरपार जातो. बारीक डोळ्याची जाळीच घ्या, मागं जाड सतरंजी नाहीतर गोधडी टांगा. गच्चीवर तर खरा चेंडू नकोच. भोकं पाडलेले प्लास्टिकचे किंवा फोमचे चेंडू मिळतात, फटका तोच राहतो आणि शेजाऱ्याच्या काचा शाबूत राहतात.

रान मोकळं झाल्यावर, हरभरा-ज्वारी निघून गेली की, बांधावर उभं राहून मारायला फार छान वाटतं. पण सेव्हन आयर्नचा नीट बसलेला चेंडू शंभर मीटरच्या पुढे जातो आणि वाटेत कुणाचं डोकं आलं तर तो दगडच आहे. गुरं चारणारी पोरं, वाटेनं जाणाऱ्या बायका, सगळं बघून मगच मारा. खाली थेट मुरमावर मारू नका, नवा वेजसुद्धा चेचून जातो. काथ्याचं पायपुसणं किंवा कृत्रिम गवताचा तुकडा अंथरा. जवळच्या फटक्यांसाठी दहा पावलांवर घमेलं ठेवून त्यात चेंडू टाकायचा सराव करा. बायको रोज संध्याकाळी वीस चेंडू टाकते आणि आता तिचे माझ्यापेक्षा जास्त आत जातात.

मग कुणी काय घ्यावं

आठवड्याला मैदान गाठता येतं, पुण्यात नोकरी आहे, शनिवार-रविवार मोकळा आहे, अशा माणसानं जुना पूर्ण सेट घ्यावा. तो सहा महिन्यांत सगळे क्लब वापरू लागेल. पैसा आहे पण पारख करायला कुणी नाही, त्यानं नवा अर्धा सेट. महिन्याला एक-दोनदाच मैदान दिसणार आहे आणि बाकी सराव आपल्या मातीवर, त्यानं सुटे चार. आणि ज्यानं अजून दोनदाच रेंज पाहिलीय त्यानं महिनाभर काहीच घेऊ नये. रेंजवर भाड्यानं क्लब मिळतो, तिथं आणखी दोन-तीनशे चेंडू मारावेत. तेवढ्यात हौस टिकते की विरते ते कळतं.

मेव्हण्याला हे सगळं सांगितलं. तो थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "म्हणजे दाजी, ड्रायव्हर नाहीच घ्यायचा? उडाला होता तो तर ड्रायव्हरनंच की." मी म्हटलं, तो रेंजचा होता, तिथं गेलास की मारच, भाड्यानं मिळतो. आपला घे तेव्हा साडेदहा-बारा अंशांचा, आर दांड्याचा, पुढच्या दिवाळीला. आत्ता सेव्हन आयर्न, पाचचा हायब्रिड, पिचिंग वेज आणि पटर.

येत्या रविवारसाठी तो लातूरहून आदल्या रात्रीच्या गाडीनं पुण्याला निघेल, मी सकाळी इथून. मनगटाचं माप त्यानं बहिणीकडून मोजून घेतलंय, साडेचौतीस इंच. खिशात टेप आणि कापूस टाकून ये, असं सांगितलंय. कापूस कशाला, हे दुकानात दाखवीन.